डुप्लिकेट फोटो काढायचे, पण अल्बम न फाडता

कॉम्प्युटरवरचे डुप्लिकेट फोटो काढताना चूक शोधण्यात फारशी होत नाही. हुबेहूब प्रती शोधायचं काम सॉफ्टवेअर चोख करतं. चूक होते ती कोणती प्रत ठेवायची आणि कोणती काढायची, हे ठरवताना. स्कॅन झालं, हजारभर जोड्या दिसल्या, 'ऑटो सिलेक्ट' दाबलं, 'डिलीट' दाबलं. महिन्याभराने 'दादाचं लग्न' हे फोल्डर उघडावं, तर ४०० पैकी २३० फोटो तिथे आणि उरलेले १७० 'जुना लॅपटॉप' मधल्या 'नवीन फोल्डर (३)' मध्ये. एकही फोटो हरवलेला नसतो, तरी अल्बम फाटलेला असतो. दुसरी चूक याहून महागात पडते: कॅमेऱ्यातली मूळ फाइल जाते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली दाबलेली प्रत राहते.

खालचा क्रम या दोन चुकांसाठी आखला आहे. टप्पे पुढे-मागे करू नका. विंडोज १० किंवा ११ गृहीत धरलं आहे. मॅकवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## आधी हे ओळखा: 'डुप्लिकेट' म्हणजे नेमकं काय

घरोघरी 'डुप्लिकेट' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, हुबेहूब प्रत. फाइलमधला बाइटन्‌बाइट सारखा. नाव वेगळं असलं तरी चालतं, कारण नाव फाइलच्या आत नसतं.

दुसरी, तोच फोटो पण वेगळी फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, फिरवलेला (रोटेट केलेला), कापलेला, आयफोनच्या एचईआयसी या फाइलप्रकारातून जेपीजी केलेला, किंवा एकच जुना छापील फोटो दोनदा स्कॅन केलेला.

तिसरी, सारखे दिसणारे वेगळे फोटो. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी बटण दाबून धरलं आणि अकरा फोटो निघाले. ते डुप्लिकेट नाहीत. एकात आजीचे डोळे मिटलेले आहेत, दुसऱ्यात उघडे आहेत.

पहिल्या प्रकाराचं काम मशीनवर सोडता येतं. दुसऱ्यात मशीन सुचवतं आणि तुम्ही ठरवता. तिसऱ्याला या कामात हातच लावायचा नाही. ती निवड आहे, तिला वेगळी दुपार द्या. तिन्ही एकाच फेरीत उरकायला जाणं हीच पहिली चूक.

## टप्पा १: सिंक थांबवा

सिंक म्हणजे मशीनवरच्या आणि क्लाउडमधल्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं. फोटोंचं फोल्डर खरंच तुमच्या कॉम्प्युटरवर आहे का, ते पाहा. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', तिथे 'लोकेशन'. त्या पत्त्यात 'वनड्राइव्ह' (मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) दिसलं, तर इथे काढलेला फोटो क्लाउडमधून आणि त्या खात्याला जोडलेल्या प्रत्येक मशीनवरून जाणार. विंडोज ११ मध्ये 'पिक्चर्स' फोल्डर अनेकदा वनड्राइव्हमध्ये गेलेलं असतं आणि पुष्कळांना त्याची कल्पनाही नसते.

टास्कबारवरच्या ढगाच्या चिन्हातून सिंक २, ८ किंवा २४ तासांसाठी थांबवता येतं. २४ निवडा. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडचं सॉफ्टवेअर असेल तर तेही थांबवा.

सावधान: थांबवणं म्हणजे सुटका नव्हे. सिंक पुन्हा सुरू झालं की मधल्या काळात जे काढलं ते सगळं क्लाउडमधूनही जाईल. मधला वेळ फक्त तपासणीसाठी मिळालेला आहे.

आणखी एक खोच. फाइलशेजारी नुसतं ढगाचं चित्र असेल, तर ती फाइल मशीनवर नाहीच, तिची फक्त खूण आहे. अशा फोल्डरवर स्कॅन लावलं की सॉफ्टवेअर एकेक फाइल वाचायला मागतं आणि सगळे फोटो डाउनलोड व्हायला लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा त्यातच संपेल. काम करायचं ते फोल्डर आधी 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून घ्या, डाउनलोड पूर्ण होऊ द्या, आणि मग सिंक थांबवा.

## टप्पा २: पूर्ण नक्कल बाजूला काढा

बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळ्या फोटोंची एक प्रत. हा टप्पा गाळायचा असेल तर पुढचं काहीच करू नका.

डिस्क नवी घ्यायची असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळेल किंवा ऑनलाइन. फोटोंच्या एकूण आकाराच्या किमान दुप्पट क्षमतेची घ्या. मॅक आणि विंडोज दोन्हीवर वापरायची असेल तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. एनटीएफएसवर मॅक आपणहून लिहू शकत नाही. पेन ड्राइव्हवर हे काम करू नका.

वेळेचा अंदाज असा: यूएसबी ३ च्या पोर्टवर (त्याच्या आतली पट्टी बहुधा निळी असते) साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास घेते. म्हणजे २०० जीबीला कागदावर अर्धा तास, पण लहान फाइली पुष्कळ असल्या की प्रत्यक्षात तासाच्या वर. यूएसबी २ च्या पोर्टला लावली तर हेच काम दोन तास किंवा जास्त खाईल. लॅपटॉप चार्जरला लावा आणि पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' 'नेव्हर' करा. मध्येच झोपलेल्या लॅपटॉपमुळे अर्धवट राहिलेली नक्कल ही नसलेल्या नकलेपेक्षा वाईट, कारण आपण तिच्या भरवशावर राहतो.

तपासणी: दोन्हीकडच्या फोल्डरवर 'प्रॉपर्टीज' उघडा. फाइलींची संख्या आणि 'साइझ' हा बाइटमधला आकडा जुळला पाहिजे. 'साइझ ऑन डिस्क' जुळणार नाही. दोन डिस्कची मांडणी वेगळी असली की तो बदलतोच, त्याकडे पाहू नका. विंडोजच्या स्वतःच्या लपलेल्या फाइलींमुळे संख्येत दोन-चारांचा फरक पडू शकतो. त्याहून जास्त असेल तर पुन्हा कॉपी. मग नकलेतले वेगवेगळ्या वर्षांचे वीसेक फोटो उघडून पाहा. खालचा अर्धा भाग राखाडी दिसणारा फोटो म्हणजे अर्धवट कॉपी झालेली फाइल. फोटोग्राफरने दिलेल्या जुन्या डीव्हीडींवरून आलेल्या फोटोंत हे फार आढळतं. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या डिस्कला बुरशी धरते आणि वाचताना ती अडखळते.

आता डिस्क काढून ठेवा. तळमजल्यावर राहत असाल तर वरच्या फळीवर.

सावधान: नक्कल असलेली डिस्क जोडलेली राहिली आणि स्कॅनमध्ये आली, तर सॉफ्टवेअरला प्रत्येक फोटो दोनदा दिसतो आणि ते इमानदारीने तुमची नक्कलच 'डुप्लिकेट' म्हणून पुढे करतं. एका क्लिकमध्ये बॅकअप साफ झाल्याचे प्रकार असेच घडतात.

## टप्पा ३: विखुरलेलं एका छताखाली आणा

एका ड्राइव्हवर दोन फोल्डर करा: 'मुख्य' आणि 'तपासायचे'.

'मुख्य' मध्ये जाईल ते नीट लावलेलं: वर्षांची किंवा प्रसंगांची नावं असलेली फोल्डरं, फोटोग्राफरने दिलेले लग्नाचे फोटो, स्कॅन केलेला जुना अल्बम. 'तपासायचे' मध्ये बाकीचं सगळं: जुन्या लॅपटॉपचा डेस्कटॉप, डाउनलोड्स, 'फोन बॅकअप', 'फोन बॅकअप नवीन', 'फोन बॅकअप नवीन फायनल'. आतली फोल्डररचना जशीच्या तशी राहू द्या. सगळे फोटो एका ढिगात ओतू नका, कारण फोल्डरचं नाव हीसुद्धा माहिती आहे. 'अलिबाग २०१४' ही दोन पदं कधीकधी फोटोबद्दल उरलेली एकमेव नोंद असते.

कॉपी करताना विंडोज विचारेल की त्याच नावाची फाइल आधीच आहे. इथे 'रिप्लेस' कधीच नाही. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन फोटो अगदी वेगळे असू शकतात: एक बारशाचा, एक मुंजीचा. दोन्ही ठेवा, खरी जोडी असेल तर ती पुढे पकडली जाईलच.

फोनवरून आणताना दोन गोष्टी. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो 'अँड्रॉइड', 'मीडिया', मग व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरात 'व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस' या वाटेने सापडतात, आणि त्यातल्या 'सेंट' मध्ये तुम्हीच पाठवलेल्या फोटोंच्या दाबलेल्या प्रती साठलेल्या असतात. हे अख्खं फोल्डर 'तपासायचे' मध्ये वेगळं ठेवा. आयफोनवर फोटोंच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' खाली 'कीप ओरिजिनल्स' निवडा. 'ऑटोमॅटिक' वर असेल तर फोन पाठवताना एचईआयसीचं जेपीजी करतो. मागच्या वर्षी एका पद्धतीने आणि यंदा दुसऱ्या पद्धतीने आणलेला तोच फोटो मग हुबेहूब जुळतच नाही. शिवाय 'ऑटोमॅटिक' मध्ये विंडोजवर कॉपी मध्येच तुटण्याची तक्रार नेहमीची आहे. मूळ एचईआयसी फाइली विंडोजवर दिसत नसतील तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'हेइफ इमेज एक्स्टेन्शन्स' घ्या, ते फुकट आहे; तरीही दिसत नसतील तर त्याच्या जोडीला 'एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स'ही लागतं.

या टप्प्यात फोटो फिरवू नका, त्यांना टॅग किंवा तारे देऊ नका. त्याने फाइलच्या आतला मजकूर बदलतो आणि हुबेहूब जोडी तुटते. नाव बदलल्याने तसं होत नाही, पण तेही आत्ता नको.

### स्कॅनमध्ये काय घ्यायचं नाही

अख्खा सी ड्राइव्ह कधीही स्कॅनला लावू नका. विंडोज आणि प्रोग्रॅम्सच्या फोल्डरांत एकच चित्र दहा ठिकाणी असतं आणि ते तसंच असायला हवं. मॅकची 'फोटोज लायब्ररी' ही एक फाइल दिसते, पण आत हजारो फाइलींची वीण आहे. बाहेरच्या सॉफ्टवेअरने तिच्या आत शिरून काही काढलं तर लायब्ररी बिघडते. लाइटरूम हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या कॅटलॉगचंही तसंच.

जोडीने राहणाऱ्या फाइलीही ओळखून ठेवा. कॅमेऱ्यातली रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल आणि तिच्याच नावाचं जेपीजी. आयफोनच्या लाइव्ह फोटोत एचईआयसी आणि त्याच नावाची दोन-तीन सेकंदांची एमओव्ही. यातली कुठलीही डुप्लिकेट नाही. आयफोनवरच्या ज्या नावात आकड्याआधी 'ई' आहे तो सुधारलेला फोटो, तसंच नाव पण 'ई' नसलेला तो मूळ.

## टप्पा ४: सॉफ्टवेअर निवडा आणि त्याची परीक्षा घ्या

फुकट आणि मुक्त स्रोताची तीन चांगली नावं: डुपगुरू, च्काव्का (पोलिश भाषेत याचा अर्थ उचकी, नावावर जाऊ नका, सॉफ्टवेअर वेगवान आहे) आणि डिजिकॅम. पहिलं शिकायला सोपं, म्हणून पुढचे तपशील डुपगुरूचे आहेत. दुसरं काही वापरायचं असेल तर त्यात चार गोष्टी हव्यात: मजकुरावरून तुलना, 'रेफरन्स' फोल्डर ठरवायची सोय, फोटो शेजारीशेजारी दाखवणं, आणि फाइल डिलीट न करता दुसरीकडे हलवायची सोय. शोधताना जाहिरातीत वर येणारे 'क्लीनर' टाळा. त्यांपैकी पुष्कळ स्कॅन फुकट करतात, दहा हजारांचा आकडा लाल रंगात दाखवतात आणि काढायचे पैसे मागतात. डाउनलोड निर्मात्याच्या स्वतःच्या साइटवरूनच.

खऱ्या फोटोंवर चालवण्याआधी दहा मिनिटांची परीक्षा घ्या. 'चाचणी' नावाच्या फोल्डरात पाच फोटो टाका. पहिल्याची साधी कॉपी करा. दुसऱ्याची कॉपी करून नाव बदला. तिसऱ्याची कॉपी करून ती फिरवा. चौथा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून परत उतरवा. पाचवा एकटाच राहू द्या. आता 'स्टँडर्ड' मोड, तुलना 'कंटेंट्स' ने.

तपासणी: पहिली आणि दुसरी जोडी सापडली पाहिजे, तिसरी, चौथी नाही. पहिली सापडली आणि दुसरी नाही, तर तुलना नावावरून चालली आहे. तिसरी किंवा चौथीही सापडली, तर तुम्ही सारखे फोटो शोधायच्या मोडमध्ये आहात. सेटिंग दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: हुबेहूब प्रती, दोन फेऱ्यांत

हुबेहूब प्रतींत चांगली-वाईट असा भेद नसतो, दोन्ही एकच आहेत. त्यामुळे प्रश्न एवढाच: कुठली जागा ठेवायची? ऑटो सिलेक्ट इथेच अल्बम फाडतं. त्याला 'जुनी ठेव' सांगितलं की ते प्रत्येक जोडीचा वेगळा निकाल लावतं, आणि एका अल्बममधले काही फोटो इथे, काही तिथे उरतात. त्यात 'डेट क्रिएटेड' वर तर मुळीच विसंबू नका. विंडोजमध्ये कॉपी केली की नव्या प्रतीची निर्मितीची तारीख आजची होते. २००९ चा फोटो कागदोपत्री कालचा ठरतो.

उपाय म्हणजे रेफरन्स फोल्डर. त्यातली फाइल सॉफ्टवेअर तुलनेला घेतं, पण काढायला देत नाही.

पहिली फेरी. 'मुख्य' आणि 'तपासायचे' दोन्ही यादीत टाका. 'मुख्य' समोरच्या 'स्टेट' मध्ये 'रेफरन्स' निवडा, दुसरं 'नॉर्मल' राहू द्या. अगदी लहान, १० केबीच्या आतल्या फाइली वगळा. ती बहुधा थंबनेल असतात आणि यादी उगाच फुगवतात. स्कॅन करा. निकालात 'मुख्य' मधले फोटो निळ्या रंगात, निवडचौकट नसलेले दिसतील. जिथे निळं नाही तो गट 'तपासायचे' च्या आतल्या आतल्या प्रतींचा. ते या फेरीत सोडा. निळ्या गटांतले बाकी सगळे निर्धास्त निवडता येतात, कारण त्यांची प्रत नीट लावलेल्या जागी आहेच.

दुसरी फेरी. दोन्ही प्रती रेफरन्स फोल्डरातच असल्या की ती जोडी यादीत येतच नाही, म्हणून 'मुख्य' च्या आतल्या आत असलेले दुहेरी फोटो पहिल्या फेरीत दिसले नव्हते. आता फक्त 'मुख्य' घ्या, 'नॉर्मल' करा आणि पुन्हा स्कॅन. ही यादी हाताने पाहायची. 'गणपती २०१९' मध्ये आणि 'निवडक आईबाबा' मध्ये तोच फोटो असेल, तर ती चूक नसून तुम्ही मुद्दाम केलेली निवड असू शकते. 'री-प्रायोरिटाइझ रिझल्ट्स' मधून फोल्डरनुसार प्राधान्य लावलं की एक फोल्डर कायम जिंकतं आणि अल्बम एकसंध राहतो. गूगल टेकआउटमधून (गूगलमधला आपला डेटा एकत्र उतरवायची सोय) आलेले फोटो असतील तर ही फेरी मोठी निघेल, कारण त्यात एकच फोटो वर्षाच्या फोल्डरातही असतो आणि अल्बमच्याही. दोन्हीतलं एकच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

सगळ्यात शेवटी 'तपासायचे' च्या आतल्या प्रतींची एक फेरी. ती पटकन होते.

## टप्पा ६: डिलीट नव्हे, हलवा

निवडलेल्या फाइली रीसायकल बिनमध्ये पाठवायच्या नाहीत. 'मूव्ह मार्क्ड टू' वापरून त्याच ड्राइव्हवरच्या 'काढलेले' फोल्डरात हलवा. त्याआधी सेटिंगमध्ये 'रीक्रिएट अ‍ॅब्सोल्यूट पाथ' निवडा. त्याने प्रत्येक फाइलची मूळ फोल्डररचना 'काढलेले' च्या आत जशीच्या तशी उभी राहते आणि चुकून गेलेला फोटो कुठून गेला हे दिसतं. हे न केल्यास हजार फाइली एका ढिगात पडतात आणि परत लावणं अशक्य होतं.

रीसायकल बिनवर भरवसा का नको? पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरातून काढलेली फाइल बिनमध्ये जातच नाही, थेट जाते. बिनची मर्यादा ठरलेली असते. ती भरली की आधीच्या फाइली गुपचूप निघून जातात.

तपासणी: कागदावर तीन आकडे लिहा. सुरुवातीची फाइलसंख्या, आता उरलेली, आणि 'काढलेले' मधली. शेवटच्या दोघांची बेरीज पहिल्याइतकी आली पाहिजे. नाही आली तर थांबा, पुढची फेरी नको.

## टप्पा ७: तोच फोटो, वेगळी फाइल

इथून मशीनचा शब्द अंतिम नाही. सारखे फोटो शोधणारं सॉफ्टवेअर फोटो खूप लहान करून उजेड-सावलीचा ठसा घेतं आणि ठसे ताडून पाहतं. चेहरा, नाव, तारीख त्याला कळत नाही. म्हणून ते ठरावीक ठिकाणी हमखास फसतं: पांढऱ्या कागदांचे फोटो. आधार कार्ड, रेशन कार्ड, लाइट बिल, शाळेच्या वहीची पानं, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, सगळ्यांचा ठसा एकसारखाच: पांढरं पान, काळ्या ओळी. स्क्रीनशॉटचं तेच, आणि रात्रीच्या आकाशातल्या फटाक्यांचंही. या फेरीआधी कागदपत्रं आणि स्क्रीनशॉट वेगळ्या फोल्डरात काढा आणि ते फोल्डर 'एक्स्क्लूडेड' करा.

मग 'पिक्चर' मोड, तुलना 'कंटेंट्स'. 'मॅच पिक्चर्स ऑफ डिफरंट डायमेन्शन्स' चालू करा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रती सापडणार नाहीत. काटेकोरपणाची पट्टी सुरुवातीला १०० च्या जवळ ठेवा. निकाल ओळखीचे वाटले तर थोडी खाली आणा. पहिल्यांदाच ७० वर आणलीत तर समुद्रावरचा प्रत्येक सूर्यास्त एकमेकांचा भाऊ ठरेल. 'एक्झिफ टाइमस्टँप' ची (फोटोत नोंदलेल्या काढल्याच्या वेळेवरून जुळवायची) पद्धतही आहे, पण ती एका सेकंदात निघालेले बर्स्टचे सगळे फोटो एका गटात टाकते. म्हणून ती इथे नको. एचईआयसी या मोडमध्ये वाचलं जात नसेल तर तेवढ्यासाठी च्काव्का वापरून पाहा.

### कोणता ठेवायचा

दोन्ही फाइलींवर 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स' उघडा आणि या क्रमाने पाहा.

१. 'डेट टेकन' आणि कॅमेऱ्याचं नाव आहे का? ज्यात आहे तो मूळ. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ही माहिती निघून जाते. नावात 'डब्ल्यूए' असलेल्या फाइलीच्या नावातली तारीख फोटो फोनवर आल्याची, काढल्याची नव्हे.

२. 'डायमेन्शन्स' कुणाचे मोठे? १२ मेगापिक्सेलचा फोनचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या प्रतीची लांब बाजू १६०० च्या आसपास. एचडी निवडून पाठवली तरी ती मूळ फाइल नसते.

३. फाइलचा आकार सगळ्यात शेवटी, आणि तोही दोन्ही फाइली एकाच प्रकारच्या असतील तरच. एचईआयसी मूळ असूनही जेपीजीच्या निम्म्या आकाराची असू शकते. उलट स्क्रीनशॉट काढून केलेली पीएनजी मूळ फोटोपेक्षा जड भरते. 'मोठी फाइल ठेव' हा नियम लावून मूळ फोटो गमावलेले लोक थोडे नाहीत.

छापील फोटोंच्या स्कॅनला पहिला नियम लागू नाही, तिथली तारीख स्कॅनची असते. ६०० डीपीआयचा ठेवा, ३०० चा काढा. टिफ असेल तर टिफ ठेवा. कडा कापल्या गेल्या आहेत का ते मात्र पाहा. मागे शाईने लिहिलेल्या नावांचा वेगळा स्कॅन असतो, तो जोडीत आला तर त्याला हात लावू नका.

सोसायटीच्या गणपतीचे फोटो चार जणांच्या फोनमधून एकत्र आले असतील, तर एकाच आरतीचे चार कोन जोडीत येतील. कॅमेऱ्याचं नाव वेगळं आहे म्हणजे फोटोही वेगळा आहे. चारही राहू द्या.

गटात तीन-चार फोटो असतील तर पहिल्याची तुलना प्रत्येकाशी करा. 'अ' ब सारखा, 'ब' क सारखा, पण 'अ' आणि 'क' वेगळेच, असं होऊ शकतं. फोटो मोठा करून चेहरे बघा. एका बैठकीत अर्धा-पाऊण तास पुरे. त्यानंतर डोळे जोड्या न पाहता मान डोलवतात. या फेरीतले फोटोही 'काढलेले' मध्येच, पण आत वेगळं उपफोल्डर करून, म्हणजे पुढे चाळायचे झाले तर हेच चाळता येतील.

## मॅक असेल तर

व्हेन्चुरा (२०२२) पासून 'फोटोज' अ‍ॅपमध्येच डाव्या यादीत 'डुप्लिकेट्स' मिळतं. दोन फोटो निवडून 'मर्ज' केलं की चांगल्या दर्जाचा फोटो राहतो, इतर प्रतींची माहिती त्यात जमा होते आणि बाकीचे 'रिसेन्टली डिलीटेड' मध्ये ३० दिवस थांबतात. लायब्ररीतले फोटो असेच काढा. लायब्ररीबाहेर फोल्डरांत पडलेल्या फोटोंसाठी वरचेच टप्पे. आयक्लाउड चालू असेल तर मर्जचा परिणाम फोनवरही दिसणार.

## टप्पा ८: सिंक सुरू करा, पण 'काढलेले' पुसू नका

'काढलेले' फोल्डर सिंकच्या बाहेरच्या जागी आहे ना, ते पाहा. मग सिंक सुरू करा. मोठ्या संख्येने फाइली गेल्याची सूचना वनड्राइव्हकडून येईल. तिच्यातला आकडा तुमच्या कागदावरच्या आकड्याशी ताडा. वैयक्तिक वनड्राइव्हचा रीसायकल बिन ३० दिवस फाइली ठेवतो. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेले फोटो ६० दिवस असतात, पण तिथून फोटो काढला तर तो फोनवरूनही जातो.

साफ केलेल्या संग्रहाची नवी नक्कल घ्या, टप्पा २ मधल्या नकलेवर चढवून नव्हे, तिच्या शेजारी. जागा नसेल तर दुसरी डिस्क. एक घरी, एक ठाण्याच्या बहिणीकडे, आणि तिथे पोचवायची ती डिस्क लोकलच्या रॅकवर ठेवू नका.

'काढलेले' फोल्डर किमान महिनाभर राहू द्या. त्या महिन्यात दोन-तीन अल्बम घरच्या इतरांना उघडून पाहायला सांगा. फोटो कुठे कमी पडला, हे ज्याचा फोटो आहे त्याला आधी कळतं.

## पुन्हा साठू नयेत म्हणून

फोनमधून फोटो आणायचं काम एकाच पद्धतीने, एकाच फोल्डरात, एकाच माणसाने करावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फोटो आपोआप उतरणं बंद करा आणि 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, म्हणजे ग्रुपवरचे सुप्रभात गॅलरीत येणार नाहीत. चांगला फोटो कुणाला हवा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइल तारखेसकट पोचते आणि समोरच्याच्या कॉम्प्युटरवर ती हुबेहूब जोडी म्हणून पहिल्याच फेरीत पकडली जाते.